आगरकरांचा चांगुलपणा आणि आपली श्रद्धा



जून महिना आला की शाळा उघडतात. नव्या पुस्तकांच्या वासाबरोबर काही जुनी नावे मुलांच्या भेटीला येतात. त्यांतले एक नाव गोपाळ गणेश आगरकर यांचे. १७ जून ही त्यांची पुण्यतिथी. १८९५ साली त्या दिवशी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता.

धर्मग्रामाच्या पत्रिकेत आगरकर कशासाठी, असे काही जणांना वाटेल. ते ख्रिस्ती नव्हते. ते देवळात जाणारे हिंदूही नव्हते. देव आहे असे ते मानत नव्हते आणि ते त्यांनी लपवलेही नाही. तरीही महाराष्ट्र त्यांना देव न मानणारा देवमाणूस म्हणून ओळखतो. नेमक्या याच कारणासाठी आम्ही आज त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत.

आपल्या घरांत दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात. वडीलधारी माणसे म्हणतात की ज्याला देवाचे भय नाही त्याला कशाचाच धरबंध नाही. तरुण मुले म्हणतात की देव न मानताही माणूस चांगला वागू शकतो, मग रविवारची मिस्सा, प्रार्थना, उपवास हे सारे कशाला? आगरकरांचे आयुष्य या दोन्ही बोलण्यांची परीक्षा घेते. म्हणून आधी ते आयुष्य पाहू आणि मग आपल्या श्रद्धेकडे वळू.

गरिबीतून वर आलेला मुलगा

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. घर ब्राह्मणाचे, पण हातातोंडाची गाठ पडणे कठीण. शिकण्याची हौस मोठी आणि पैसा नाही, अशी त्यांची सारी बालपणीची कथा आहे. कराडला त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिक्षणासाठी ते रत्नागिरीला पायी गेले, पण तिथे जम बसला नाही. पुढे अकोल्याला नातेवाइकांच्या आश्रयाने राहून १८७५ साली ते मॅट्रिक झाले.

तिथून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. मनमाडहून दौंडला जाणारा लोहमार्ग १८७८ साली झाला. त्याआधी अकोल्याहून पुण्याला आगगाडीने जायचे तर कसारा घाट उतरून, आटगाव-आसनगावच्या बाजूने, म्हणजे आपल्या शहापूर तालुक्यातूनच कल्याणला जावे लागे. अनेक गरीब मुले शिक्षणासाठी त्या वाटेने गेली. आजही आपली मुले पहाटेच्या लोकलने कल्याणला, ठाण्याला कॉलेजात जातात. आगरकरांची गरिबी समजायला त्यांना पुस्तकाची गरज नाही.

कॉलेजात असताना आगरकरांपाशी एकच सदरा होता. रात्री तो धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे. शिष्यवृत्ती आणि स्पर्धांतली बक्षिसे यांवर त्यांनी दिवस काढले. १८७८ साली ते बी.ए. झाले आणि पुढे इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम.ए. झाले. त्या काळी एम.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी आणि भरपूर पगार सहज मिळे. घरी आई वाट पाहत होती की मुलगा आता मोठा हुद्देदार होईल आणि आपले कष्ट संपतील. तेव्हा त्यांनी आईला एक पत्र लिहिले, ते फार प्रसिद्ध आहे. मोठ्या पगाराची स्वप्ने तू पाहू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी माझा सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे, असा त्याचा आशय होता.

हे लिहिताना त्यांच्यासमोर स्वर्गाचे बक्षीस नव्हते. मेल्यानंतर कोणी हिशेब घेईल असेही त्यांना वाटत नव्हते. तरीही त्यांनी ते लिहिले आणि शेवटपर्यंत पाळले.

शिक्षक, संपादक आणि कैदी

१८८० साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आदींनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. टिळक हे आगरकरांचे कॉलेजातले जिवलग मित्र. एम.ए. झाल्यावर आगरकर त्यांना येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये केसरी निघाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर झाले.

कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा तिथले कारभारी छळ करतात, अशा अर्थाचा मजकूर केसरी आणि मराठा या पत्रांत छापला गेला. ज्या कागदपत्रांवर भरवसा ठेवला होता ती खोटी निघाली. अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. या प्रकरणात जामिनासाठी महात्मा जोतीराव फुले यांनी आपला स्नेही उभा केला, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. तुरुंगातल्या त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. संस्थेच्या आजीव सभासदांनी थोड्या वेतनावर काम करायचे, असे ठरले होते. आपल्याला विशेष वाटावी अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. या तरुणांच्या डोळ्यांपुढे येशूसंघीय धर्मगुरूंच्या त्यागाचा आदर्श होता. टिळकांनी १८९० साली संस्थेचा राजीनामा दिला, त्यात त्यांनी या आदर्शाची आठवण करून दिली आहे. ज्यांनी मुंबईत शाळा-कॉलेजे चालवली त्या संन्यस्त फादरांचे जीवन पाहून पुण्यातल्या या तरुणांनी आपल्या त्यागाचे माप ठरवले होते.

पण हेच माप पुढे वादाचे कारण झाले. आगरकर संसारी होते, प्रकृती दम्याने खालावलेली होती. आजीव सभासदांच्या वेतनात थोडी वाढ व्हावी असे त्यांना आणि इतर काहींना वाटे, टिळकांना ते मान्य नव्हते. त्याहून मोठा मतभेद समाजसुधारणेविषयी होता. आधी राजकीय हक्क की आधी घरातला अन्याय दूर करणे, या प्रश्नावर दोघे जिवलग मित्र दुरावले. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी सुधारक हे स्वतःचे पत्र सुरू केले. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. मित्रांच्या या भांडणात दोन्ही बाजूंनी कठोर शब्द वापरले गेले. आगरकर चांगले होते याचा अर्थ ते निर्दोष होते असा नाही. रागीटपणा त्यांच्यातही होता.

देवाविषयी त्यांचे म्हणणे

आगरकरांच्या वेळी पुण्या-मुंबईत समाज सुधारू पाहणारे पुष्कळ लोक होते आणि त्यांतले बहुतेक देव मानणारे होते. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजाचे. एका परमेश्वराच्या भक्तीवाचून सुधारणेला मूळ धरता येणार नाही, असे त्यांचे मत. महात्मा फुले यांनी मूर्ती आणि पुरोहित नाकारले, पण सर्वांचा एक निर्मिक आहे आणि त्याने सर्वांना समान हक्क दिले आहेत, असे ते सांगत. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या आणि पुढे विधवांसाठी शारदा सदन चालवू लागल्या. ज्या १८९५ साली आगरकर वारले त्याच वर्षी फेब्रुवारीत कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आगरकर या सर्वांहून वेगळे. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. विश्वाच्या मुळाशी काय आहे हे माणसाच्या बुद्धीला कळणे शक्य नाही, म्हणून तिथे कळल्याचा आव आणू नये, अशी त्यांची भूमिका होती. अशा माणसाला अज्ञेयवादी म्हणतात. देवांच्या कल्पना भीतीतून, आश्चर्यातून आणि मेलेल्या पूर्वजांच्या आठवणीतून निर्माण झाल्या आणि काळाप्रमाणे बदलत गेल्या, असे त्यांनी लिहिले. त्यांच्या या कसोटीतून कोणताच धर्म सुटला नाही, आपलाही नाही.

मग चांगले कशाला म्हणायचे? त्यांचे उत्तर साधे होते. ज्याने माणसाचे दुःख कमी होते आणि सुख वाढते ते चांगले. ते अनुभवाने आणि विवेकाने ठरवावे. एखादी चाल जुनी आहे किंवा ग्रंथात सांगितली आहे एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. नीती ही माणसांच्या एकत्र राहण्यातून उगवते आणि ती पाळायला देवाच्या आज्ञेची किंवा नरकाच्या भीतीची गरज नाही, असे त्यांना वाटे.

हे विचार त्यांना सुखासुखी सुचले नाहीत. त्यांच्या भोवती आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत होती. नवरा मेला की त्या पोरीचे केस कापून तिला घराच्या कोपऱ्यात बसवत. तिला चांगले अन्न नाही, चांगले वस्त्र नाही, शुभकार्यात जागा नाही आणि हे सारे धर्माच्या नावाने. देवाची अशी आज्ञा आहे असे सांगणारी माणसे त्यांनी रोज पाहिली. अशा देवावर विश्वास ठेवायला त्यांचे मन तयार झाले नाही.

जिवंतपणी अंत्ययात्रा

सुधारकातून आगरकर या चालींवर तुटून पडले. मुलींना मुलांसारखेच आणि मुलांबरोबरच शिक्षण द्यावे, स्त्रियांनी नोकरी करण्यात वावगे काही नाही, मोठे झाल्यावर आणि आपल्या पसंतीने लग्न व्हावे, विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक असावी, असे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिले.

१८९० साली कलकत्त्याच्या फुलमणी खटल्याने सारा देश हादरला. लहान वयात लग्न झालेली ही मुलगी वयाने मोठ्या नवऱ्याच्या सहवासात मरण पावली होती. विवाहित मुलीच्या बाबतीत संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ साली झाला. आज बारा हा आकडाही ऐकवत नाही, पण त्या वेळी तेवढ्यासाठीही पुण्यात रान पेटले होते. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले.

त्यांच्या विरोधकांनी पुण्याच्या रस्त्यांवरून त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तिरडी केली, बोंबा मारल्या. घरात यशोदाबाई आणि लहान मुले होती. त्या अपमानानंतरही आगरकरांची लेखणी थांबली नाही.

यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, व्रतवैकल्ये करणाऱ्या होत्या. आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत. स्वतःच्या विवेकाला जो मान त्यांनी मागितला तो पत्नीच्या विवेकालाही दिला. घरात एकाची श्रद्धा असते आणि दुसऱ्याची नसते, अशी कुटुंबे आपल्याही ओळखीची आहेत. त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

१८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने रात्र रात्र झोप नसे. अखेर १७ जून १८९५ रोजी त्यांचा अंत झाला. आपल्या मागे अंत्यविधीच्या खर्चासाठी बायकोला कोणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून त्यांनी तेवढे पैसे पुडीत बांधून आधीच बाजूला ठेवले होते. ज्यांच्याशी इतकी वर्षे भांडण चालले त्या टिळकांनी केसरीत दुःखाने भरलेला मृत्युलेख लिहिला.

आपल्या जिल्ह्यापर्यंत आलेली वाट

आगरकरांचे काम त्यांच्याबरोबर संपले नाही. त्यांचे सहकारी गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला. या समाजात पुढे शामराव परुळेकर आणि गोदावरी गोखले ही दोन माणसे आली. त्यांनी लग्न केले, समाज सोडला आणि ती कम्युनिस्ट झाली. देवधर्माशी त्यांचा संबंध उरला नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या शेजारी टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर या पतिपत्नींनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वारली बांधवांची वेठ बंद करण्यासाठी मोठा लढा उभारला. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको सावकाराकडे जन्मभर राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. ती गुलामगिरी त्या लढ्यात मोडली. गोदावरीताई परुळेकरांनी हे सारे जेव्हा माणूस जागा होतो या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांनी वेठीच्या गोष्टी आपल्या आईबापांकडून ऐकलेल्या असतात. ज्यांनी ती मोडली त्यांनी कोणत्या देवाचे नाव घेतले, असे त्या आईबापांनी विचारले नव्हते.

आपली श्रद्धा काय सांगते

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. देवावाचून माणूस चांगला वागू शकतो का? आमचे उत्तर आहे, होय. हे उत्तर आगरकरांच्या प्रेमापोटी दिलेले नाही, ते पवित्र ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतलेच आहे.

संत पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतात की ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही तेही नियमशास्त्रातल्या गोष्टी करतात, कारण तो नियम त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेला आहे आणि त्यांचा विवेक साक्ष देतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. बरे करावे आणि वाईट टाळावे हे माणसाला बुद्धीने कळते, आणि ती बुद्धी देवाने सर्वांना दिली आहे, केवळ श्रद्धावंतांना नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने याहून पुढचे पाऊल टाकले. १९६४ साली परिषदेने म्हटले की जे स्वतःच्या दोषाशिवाय देवाच्या स्पष्ट ज्ञानापर्यंत पोहोचलेले नाहीत आणि तरीही सरळ जीवन जगण्यासाठी झटतात, त्यांनाही देव तारणासाठी लागणारे साहाय्य नाकारत नाही. १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात तर श्रद्धावंतांनाच प्रश्न केला आहे. निरीश्वरवाद वाढतो त्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो, कारण आपल्या चुकीच्या शिकवणुकीने आणि वागणुकीने आपण देवाचे खरे मुख दाखवण्याऐवजी झाकून टाकतो, असे परिषद सांगते.

आगरकरांच्या बाबतीत हे शब्दशः घडले. मुंडण केलेल्या बालविधवेच्या डोळ्यांतून त्यांनी देवाकडे पाहिले आणि त्यांना तो दिसला नाही. दोष पाहणाऱ्याचा की दाखवणाऱ्यांचा? आपण ख्रिस्ती लोकही यातून सुटलो आहोत असे समजू नये. एखाद्या घरी रोज रोझरी होते आणि सुनेला टोचून बोलले जाते. एखादा माणूस पहिल्या बाकावर बसतो आणि मजुराचे पैसे अडकवून ठेवतो. अशा घरातले मूल उद्या देव नाही असे म्हणाले तर त्याला कोणी शिकवले?

इथे एक काळजी मात्र घ्यायला हवी. आगरकर नकळत ख्रिस्तीच होते, असे म्हणून आपण त्यांच्यावर आपला शिक्का मारू नये. त्यांनी विचारपूर्वक जे नाकारले ते नाकारले. त्यांचा न्याय देवाकडे आहे. आपल्याकडे फक्त त्यांचे जीवन आहे आणि त्यातून शिकण्याची मोकळीक आहे.

मग देव कशासाठी?

तरुणांचा प्रश्न अजून बाकी आहे. चांगुलपण देवावाचून जमत असेल तर मिस्सा कशाला, प्रार्थना कशाला?

या प्रश्नाचे एक उत्तर आपण सवयीने देतो, ते चूक आहे. स्वर्ग मिळावा आणि नरक चुकावा म्हणून देव हवा, असे ते उत्तर. परीक्षेआधी मेणबत्ती लावायची आणि निकाल लागला की चर्चची वाट विसरायची, ही त्याच उत्तराची छोटी आवृत्ती. असा सौदा करणाऱ्यापेक्षा बक्षिसाची आशा न ठेवता राबणारा आगरकर मोठा, हे मान्य करायला हवे. आपल्या संतांनीही हाच सौदा नाकारला. देवावर प्रेम करायचे ते देवासाठी, असे ते शिकवत आले.

आम्हांला दिसणारे उत्तर वेगळे आहे आणि ते आगरकरांच्याच कामातून पुढे येते. फुलमणीसारख्या मुली मेल्या तेव्हा आगरकरांनी आणि इतरांनी कायद्यासाठी झगडा केला. तो कायदा झाला म्हणून पुढे जन्मणाऱ्या कितीतरी मुली वाचल्या. ते काम थोर आहे. पण फुलमणीचे काय? तिला कोणताही कायदा परत आणू शकत नाही. कोपऱ्यात बसून जन्म काढलेल्या आणि नावही मागे न ठेवता गेलेल्या विधवांचे काय? वेठीत मेलेल्या लग्नगड्यांचे काय? माणसाचा न्याय उद्याच्या माणसांपर्यंत पोहोचतो, कालच्या मेलेल्यांपर्यंत तो पोहोचत नाही. आगरकरांच्या विचारात त्या मुलीसाठी दुःख होते, संताप होता, पण आशा नव्हती. ती असू शकत नव्हती.

आपण मिस्सेत मृतांसाठी प्रार्थना करतो तेव्हा नेमके हेच म्हणतो की त्या मुलीची गोष्ट तिच्या मरणाशी संपलेली नाही. ज्याला क्रूसावर खिळले, ज्याच्यावर खोटा खटला झाला आणि ज्याला न्याय मिळाला नाही, त्याला पित्याने मरणातून उठवले. म्हणून ज्यांना न्याय मिळाला नाही ते देवाच्या विस्मरणात गेलेले नाहीत. जीवनाचा अर्थ देवावर अवलंबून आहे असे आपण म्हणतो ते या अर्थाने. चांगले काय ते कळण्यासाठी देवाने विवेक सर्वांना दिला आहे. हरलेल्यांचे आणि मेलेल्यांचे आयुष्य वाया गेले नाही, हे सांगायला मात्र देवच लागतो.

आगरकर इथे असते तर त्यांनी आपल्याला लगेच अडवले असते. हीच आशा दाखवून तुम्ही गरिबांना गप्प बसवता, मेल्यावर सुख मिळेल म्हणता आणि जिवंतपणीचा अन्याय तसाच ठेवता, असा त्यांचा आक्षेप असता. तो आक्षेप खरा आहे. पुनरुत्थानाची आशा अन्याय सोसायला सांगण्यासाठी वापरली तर ती देवाच्या नावाने केलेली फसवणूक ठरते. प्रभू येशूने दोन मुलांची गोष्ट सांगितली आहे. बापाने मळ्यात जा म्हटल्यावर एक मुलगा नाही म्हणाला आणि मग गेला. दुसरा जातो म्हणाला आणि गेला नाही. पित्याची इच्छा पहिल्याने पुरी केली. आगरकरांनी तोंडाने नाही म्हटले आणि आयुष्यभर मळ्यात राबले. आपण दर रविवारी प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो, म्हणजे जातो असे म्हणतो. प्रश्न एवढाच की सोमवारी आपण कुठे असतो.

आपला मळा

आपला मळा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आहे. दिवाळीनंतर पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्याबरोबर मुलांची शाळा सुटते. मुलींची लग्ने अठरा वर्षांआधी लावण्याचे प्रकार अजून कानावर येतात, कायदा असूनही. लग्नासाठी कर्ज काढण्याची चाल संपलेली नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्याच आसपासच्या वस्त्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

या कामांत आपल्याला देव न मानणारी माणसे भेटतील. एखादा शिक्षक, एखादी आरोग्यसेविका, मोर्चातला एखादा कार्यकर्ता. त्यांचा संशय धरू नका. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा. त्यांनी विचारले की तुम्ही प्रार्थना का करता, तर लाजू नका. आम्हांला बळ हवे असते, क्षमा हवी असते, आणि आमच्या मेलेल्या माणसांना आम्ही विसरू इच्छित नाही, असे साध्या शब्दांत सांगा. वाद जिंकण्याची गरज नाही.

आणि या महिन्यात एक काम प्रत्येक कुटुंबाने करावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या आळीत, आपल्या पाड्यावर एखादी मुलगी शाळा उघडूनही घरी बसली असेल तर तिच्या आईबापांना जाऊन भेटा. दप्तर नसेल तर दप्तर द्या, दाखला नसेल तर तो काढायला मदत करा. आगरकरांची पुण्यतिथी पाळण्याची याहून चांगली रीत आम्हांला सुचत नाही, आणि प्रभूची आज्ञा पाळण्याचीही नाही.

या रविवारी मिस्सेत मृतांची आठवण करताना, ज्यांचे नाव कोणीच घेत नाही अशा आपल्या भागातल्या आयाबहिणींचीही आठवण करू या. दयाळू पिता त्यांना चिरशांती देवो आणि आपल्याला हातपाय हलवण्याची बुद्धी देवो. आमेन.